दुसऱ्याच्या मापाची काठी

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. त्याला स्वभाव जितका कारण, तितकाच धंदा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. घराच्या तळमजल्यावर माझं क्लिनिक आहे. दोन पलंग, भिंतीला ठोकलेली लाकडी शिडी, एक सायकल आणि खिडकीपाशी माझी खुर्ची. सकाळपासून माणसं येतात आणि माझ्याशी खोटं बोलतात. "घरी व्यायाम केला का?" "रोज करतो हो मॅडम, अगदी न चुकता." मी त्यांचा हात धरून थोडा वर उचलते आणि मला कळतं, या गृहस्थांनी आठवडाभरात हा हात फक्त टीव्हीच्या रिमोटसाठी उचललाय. शरीर लपवत नाही, माणूस लपवतो. वर्षानुवर्षं हेच बघितल्यावर संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

माझा नवरा अगदी उलट. तो दातांच्या कवळ्या बनवतो. वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत त्याची लॅब आहे. दाताचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाचे साचे पाठवतात, हा त्यावर कवळी घडवून देतो. फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात आणि हा त्यांच्यामध्ये बसून गुणगुणत घासकाम करत असतो. त्याचा सगळ्यांवर विश्वास. ज्याचं नुसतं तोंड प्लास्टरमध्ये बघितलंय, तो माणूससुद्धा त्याच्या मते सज्जन असतो.

त्याला एकच नाद, पूल खेळायचा, म्हणजे टेबलावरचे चेंडू काठीने मारून कडेच्या पॉकेटांत पाडायचे. दोन गल्ल्या सोडून टायरच्या दुकानामागे क्लब आहे, तिथे तो संध्याकाळी जायचा. खेळायचा यथातथाच. कारण त्याचं उजवं कोपर. लहानपणी भिंतीवरून पडला, हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. हात कधी पूर्ण सरळ व्हायचा नाही. आमची ओळखही त्याच कोपरामुळे झाली. तो माझ्याकडे रुग्ण म्हणून आला होता. मी खूप झटले, पण हाडच वाकडं बसलेलं, त्याला व्यायाम काय करणार? कोपर काही सरळ झालं नाही, लग्न मात्र झालं. त्या कोपराच्या आतल्या बाजूला कातडीखाली एक उंचवटा होता. अंधारात हजार हात माझ्यापुढे केले असते तरी त्या उंचवट्यावरून मी माझा नवरा ओळखला असता.

एके दिवशी तो एक लांबट पेटी घेऊन घरी आला. जेवणाच्या टेबलावर ठेवली, हात धुतले, पुसले, मग उघडली. आत मखमलीत एक काठी दोन तुकड्यांत निजवलेली होती. पूलची काठी. खेळणारे तिला क्यू म्हणतात, माझ्या सासूबाई पहिल्या दिवसापासून काठीच म्हणाल्या, आणि आता मीही काठीच म्हणते. काळपट लाकूड, त्यात पांढऱ्या हाडासारख्या अणकुचीदार पाकळ्या बसवलेल्या, मुठीच्या जागी बारीक दोऱ्याचं घट्ट वेष्टण. त्याने दोन तुकडे एकमेकांत फिरवून बसवले. जोड इतका गुपचूप बसला की बोट फिरवूनही सापडेना.

"पडद्याला बरी आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ही कोणी बनवलीय माहितीये का? लोक त्याच्या काठीसाठी वर्षं वर्षं थांबतात."

काठ्या बनवणारा तो म्हातारा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. क्लबमध्ये त्याच्याबद्दल हलक्या आवाजात बोलतात. त्याची कवळी त्याला टोचत होती. कुणीतरी त्याला माझ्या नवऱ्याकडे पाठवलं. याने जुनी टाकून दिली, नवी घडवली, आणि म्हाताऱ्याने मोबदल्यात ही पेटी याच्या हातात ठेवली.

"कवळी नीट बसली म्हणून लोक आभार मानतात," मी म्हणाले. "असली वस्तू देत नाहीत. पडून का होती त्याच्याकडे?"

"कोणीतरी ऑर्डर देऊन बनवून घेतली होती. तो माणूस न्यायला आलाच नाही."

"का?"

"मला काय माहीत? तू पण ना! समोर सोनं ठेवलं तरी आधी चावून बघशील."

बघितलं असतं, खरंच. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण त्याचा चेहरा इतका फुललेला होता की मी ताटं वाढायला घेतली.

पुढचे काही दिवस क्लबात एकच चर्चा होती, या काठीने खेळायचं की नाही. काठीच्या टोकाला चामड्याची बारकी टोपी असते, तिला टीप म्हणतात. खेळताना तिला निळा खडू लावतात. या काठीची टीप कोरी होती, खडूचा कणसुद्धा नाही. क्लबचा मालक मोठा जाणकार. त्याने काठी हातात घेतली, उजेडात धरली आणि परत पेटीत ठेवली. "कोरी आहे तोवर ही दागिना आहे. एकदा निळं लागलं की नुसती स्टिक. कपाटात ठेव आणि विसरून जा," म्हणाला. बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. दागिना काय, मेल्यावर बरोबर नेणार आहे का? दोन तट पडले. माझा नवरा दोन्हीकडचं ऐकायचा आणि घरी येऊन काठी जोडून मांडीवर घेऊन बसायचा. क्लबला जाणं बंद झालं. लॅबमधलं काम मागे पडायला लागलं. हातात मऊ फडकं घेऊन तो वरून खाली, वरून खाली पुसत राहायचा.

एका संध्याकाळी माझा तोल गेला. "वापरायची असेल तर वापर, नाहीतर देऊन टाक कोणाला. मांडीवर घेऊन बसायला ती काय तान्हं बाळ आहे?"

तो दचकला. मग हसला. "खरंय तुझं," म्हणाला. त्या रविवारी त्याने टिपेला खडू लावला.

परत आला तो तोंड पाडूनच. काठी जमत नव्हती. लांब होती, वजन मागे होतं, मूठ नको तिथे येत होती. "ज्याच्यासाठी बनवली त्याचा हात सरळ असणार," तो म्हणाला.

"मग दे परत."

"छे! कवळीसुद्धा पहिल्या आठवड्यात टोचते. लोक धावत येतात, घासून द्या म्हणतात. मी थोडीशी घासतो आणि म्हणतो, आता वापरत राहा. बाकीचं तोंडच जुळवून घेतं. हिरड्या शहाण्या असतात."

"आणि ही काठी घासणार का तू?"

"वेडी आहेस का? एवढी सुंदर वस्तू घासायची?"

तो रोज जायला लागला. आधी हरायचा, मग हरता हरता जिंकायला लागला, आणि मग नुसता जिंकायलाच लागला. क्लबचा मालक पाठ दाखवायला क्लिनिकमध्ये यायचा. पलंगावर पालथा पडल्या पडल्या तो सांगायचा, "मॅडम, तुमचे मिस्टर काय खातात हो हल्ली? वेगळेच खेळतात. म्हणजे खरंच वेगळे. स्टाईलच बदलली." मी त्याच्या कमरेवर जरा जास्तच जोर दिला.

कारण घरातही पाणी कुठेतरी मुरत होतं. हा बाबा शीळ वाजवायला लागला होता. आयुष्यात कधी शीळ न वाजवलेला माणूस! पाण्याचा पेला ताटाच्या डावीकडे ठेवायला लागला. पलंगावर माझ्या बाजूला येऊन झोपला, आणि मी उठवलं तर "सॉरी हं" म्हणून निमूट सरकला. त्याआधी मला कधी सॉरी म्हटल्याचं आठवत नाही. आम्ही भांडायचो आणि भांडण मिटवायला चहा करायचो, माफीबिफी आमच्या घरात नव्हती. सासूबाईंजवळ बसून तो "आज गुडघे कसे आहेत?" असं विचारायला लागला आणि त्यांचं उत्तर संपेपर्यंत ऐकायला लागला. त्या खूश होत्या. मी नव्हते. नवरा अचानक सगळ्यांशी गोड वागायला लागला की काय समजायचं, हे काही मला कुणी शिकवायला नको होतं.

मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. शर्टांचे वास घेतले. खडूचा आणि लाकडाच्या पॉलिशचा वास, दुसरा कसलाच नाही. फोन बघितला, त्यात काही नव्हतं. मग एका दुपारी रुग्णांना पुढची वेळ दिली, शटर ओढलं आणि त्याच्या मागोमाग क्लबला गेले.

मी तिथे कधी गेले नव्हते. लांब खोली, खिडक्यांना जाड पडदे, प्रत्येक टेबलावर खाली लोंबणारा दिवा. दिव्याखाली हिरवं कापड लख्ख, आणि माणसं कमरेपर्यंतच दिसत होती, चेहरे वर अंधारात. चेंडू चेंडूवर आपटल्याचा आवाज यायचा आणि मग तो गडगडत पॉकेटात पडेपर्यंत कोणी बोलायचं नाही. एकही बाई दिसत नव्हती. मी दाराजवळच्या खांबाला टेकून उभी राहिले. माझा नवरा शेवटच्या टेबलापाशी वाकला. त्याने काठी मागे नेली आणि पुढे सोडली.

हात सरळ झाला. पूर्ण सरळ, खांद्यापासून मनगटापर्यंत एका रेषेत.

क्षणभर मला वाटलं, दिव्याचा खेळ असेल. त्याने पुन्हा मारलं, पुन्हा हात तसाच गेला. मी त्या हातावर किती वर्षं घालवलीत ते मला माहीत. मला तो तसा कधीच करता आला नव्हता. खोटं कशाला बोलू, भीतीच्याही आधी मला राग आला. जे मला जमलं नाही ते एका काठीने केलं होतं.

घरी आल्यावर मी त्याला क्लिनिकच्या पलंगावर बसवलं आणि हात मागितला. त्याने लगेच दिला. मी कोपर सरळ केलं, वाकवलं, पुन्हा सरळ केलं. कुठे अडलं नाही.

"दुखतंय का?"

"का दुखेल?"

मी आतल्या बाजूला बोट फिरवलं. उंचवटा नव्हता. पुन्हा फिरवलं, मग दुसऱ्या हातावर शोधला, चुकून मीच भलता हात धरलाय की काय म्हणून. तिथेही नव्हता. कातडीखाली गुळगुळीत, निरोगी हाड. मला रडू फुटलं.

"तुम्हाला बरं नाही का?" तो म्हणाला. मग स्वतःशीच गोंधळल्यासारखा हसला आणि म्हणाला, "तुला... तुला बरं नाही का?"

माझी कॉलेजची मैत्रीण एक्स-रे सेंटर चालवते. मी त्याला तिच्याकडे नेलं. फोटो निघाला. तिने तो उजेडावर लावला आणि बराच वेळ बघितलं.

"जुनं फ्रॅक्चर कुठेय म्हणालीस?"

मी जागा दाखवली.

"अगं, हे हाड कधी मोडलेलंच नाही. जुळलेलं हाडसुद्धा दिसतं ना, खूण राहते. इथे काहीच नाही." ती हसली. "भलत्याच कोणाला घेऊन आलीस की काय?"

बाहेरच्या बाकावर तो पाय जुळवून बसला होता. पेटी गुडघ्यांवर आडवी होती आणि तो हलकी शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याकडे गेले. त्याचं वर्कशॉप म्हणजे एका जुन्या गोदामाचा कोपरा. जमिनीवर लाकडाचा भुसा, लेथ मशीन, छताला टांगून सुकत ठेवलेली लाकडं. आणि एका भिंतीवर फळ्या, त्यांवर ओळीने मातीच्या वळकट्या. मला वाटलं काय आहे, जवळ जाऊन बघितलं तर मुठी. कोणीतरी ओली माती गच्च पकडून सोडून दिल्यावर राहतात ते ठसे. काठी बनवायची तर म्हातारा आधी गिऱ्हाईकाला साध्या काठीवर मातीचा गोळा लावून खेळायला लावतो. हात जिथे जातो, जसा पकडतो, त्यावरून माप ठरतं. फळ्या बघून मला घरची लॅब आठवली.

"ती काठी कोणासाठी बनवली होती?" मी सरळ विचारलं.

"होता एकजण." म्हाताऱ्याचे नवे दात पांढरेशुभ्र होते. "नाव नाही आठवत. मी हात लक्षात ठेवतो. लांब हात, सरळ. शीळ वाजवायची सवय. बोलायला फार मृदू."

"तो न्यायला आला नाही ना?"

"आला की."

"कधी?"

"परवाच. टीप घासून घेतली. उशीर झाला म्हणून बिचाऱ्याने माफीसुद्धा मागितली."

मी म्हणाले, "आजोबा, तो माझा नवरा होता. ज्याने तुमची कवळी केली तो."

म्हाताऱ्याने हातातला लाकूड घासायचा कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. त्याची नजर चांगली होती, धूसर वगैरे काही नाही.

"बाई, तुमच्या मिस्टरांना मी ओळखणार नाही? माझ्या तोंडात बोटं घातलीत त्यांनी. त्यांचा हात वाकडा आहे. हे दुसरे. मी विचारलंसुद्धा यांना, काठी दातवाल्यांनी परत दिली का म्हणून."

"मग?"

"म्हणाले, हो, त्यांना आता ती लागत नाही."

मी टॅक्सीने घरी आले. तो आंघोळीला गेला होता. पेटी पलंगावर होती. मी ती उचलली, खाली नेली, क्लिनिकच्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या खुर्चीजवळच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

त्याने पेटी मागितली नाही. नुसता घरभर फिरत राहिला. कुठल्या खोलीत काय आहे हे विसरल्यासारखा दारातून आत डोकावायचा आणि मागे व्हायचा. चमचा हातातून सुटायचा. लॅबमधून गेलेल्या कवळ्या परत यायला लागल्या. एका डॉक्टरने फोन करून विचारलं, तुमच्याकडे नवीन माणूस ठेवलाय का? मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? सासूबाई माझ्याकडे रागाने बघायच्या. काय लपवलंयस तू त्याचं, म्हणायच्या, पोर कसं हरवल्यासारखं करतंय. मी डॉक्टरकीचा आव आणला आणि म्हणाले, हाताला विश्रांती हवी आहे.

मग एका दुपारी, शेवटचा रुग्ण गेल्यावर, तो जिना उतरून खाली आला आणि पलंगावर बसला. उजवा हात डाव्या हाताने धरला होता.

"कोपर ठणकतंय गं," तो म्हणाला.

मी धावत गेले. हात सरळ होत नव्हता. माझं बोट आतल्या बाजूला गेलं आणि उंचवट्यावर थांबलं. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "कुठे होतास रे मूर्खा?" म्हणाले आणि त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं. त्याच्या अंगाला प्लास्टरचा वास होता. माझं माणूस माझ्या हातात होतं.

"मला सगळं ऐकू यायचं," तो म्हणाला. "शेजारच्या खोलीतलं ऐकू यावं तसं. तू बोलायचीस, आई बोलायची. मी ओ द्यायचो, पण माझ्याआधी कोणीतरी उत्तर दिलेलं असायचं."

"मी ती काठी मोडून चुलीत घालते."

"नको!" त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. "मोडू नकोस. मी अजून पूर्ण इकडे आलेलो नाही. तिकडे काय काय राहिलंय माहीत नाही. मोडलीस तर तेही जाईल. फक्त मला देऊ नकोस. मी मागितली तरी देऊ नकोस."

"नाही देणार."

"कितीही नीट मागितली तरी."

मी शब्द दिला. त्या संध्याकाळी आम्ही भांडलो, कशावरून ते आठवत नाही, आणि मग चहा केला. कोपर अर्धं वाकलेलं, पेला उजवीकडे. मला वाटलं, रोज असंच थोडं थोडं परत येईल. माझ्या धंद्यात सगळं असंच परत येतं, थोडं थोडं करून. मला धीर धरायची सवय आहे.

क्लबमध्ये स्पर्धा चालू होती, रविवारी तिची शेवटची मॅच होती आणि जिंकत जिंकत तोही तिथवर पोचला होता. पण तो जाणार नव्हता, तसं त्याने स्वतःच मालकाला कळवलं होतं. सकाळी मला मागच्या गल्लीतून बोलावणं आलं. एक आजोबा बाथरूममध्ये घसरून पडले होते आणि त्यांना पलंगावरून उठता येत नव्हतं. मी निघाले तेव्हा नवरा झोपला होता, वाकडा हात छातीवर घेऊन.

परत आले तेव्हा क्लिनिकचं शटर अर्धं वर होतं. कपाट उघडं होतं. माझ्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या, हातात किल्ली.

"मी दिली," त्या म्हणाल्या. "मीच शोधली किल्ली."

"आई, का?"

"मागितली म्हणून." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "इतकं नीट मागितलं, की नाही म्हणवेना. खाली वाकून नमस्कार केला मला. म्हणाला, आजी, तेवढी माझी वस्तू काढून द्याल का?"

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आजी म्हणाला मला," सासूबाई म्हणाल्या. "तरी मी दिली गं."

मी धावले. टायरचं दुकान बंद होतं. क्लबच्या दारात चपलांचा खच होता. आतली सगळी टेबलं रिकामी, सगळे शेवटच्या टेबलाभोवती उभे होते.

तो खेळत होता.

"अरे!" मी हाक मारली.

दोन-तीन माथी माझ्याकडे वळली. त्याचं वळलं नाही. हाक त्याच्यासाठी होती हे त्याला कळलंच नाही, इतक्या सहजपणे तो पुढच्या चेंडूकडे गेला. मी माणसांना ढकलत टेबलाच्या कडेपर्यंत आले. हिरव्या कापडावर हात टेकला, तसं मालकाने मला मागे ओढलं. "मॅडम, शेवटचा चेंडू आहे," तो कुजबुजला.

हात मागे गेला. पुढे आला. सरळ.

चेंडू पडला. टाळ्या झाल्या. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो सगळ्यांना हात जोडत होता, अवघडल्यासारखा, पाहुणा म्हणून आलेला माणूस जोडतो तसा.

मग त्याने काठीचे दोन भाग सोडवले, पेटीत ठेवले आणि पेटी घेऊन थेट माझ्याकडे आला.

माझ्या जिवात जीव आला. मी हात पुढे केला.

"तुम्ही त्या दातवाल्यांच्या मिसेस ना?" तो म्हणाला. "मी आता तुमच्याकडेच येणार होतो. त्यांचे आभार मानायचे राहून गेलेत."

चेहरा माझ्या नवऱ्याचा होता. भुवईवरचा तीळसुद्धा जागेवर होता.

"ते घरीच असतील ना आता?"

मी पुढे केलेला हात मागे घेतला. तो थोडा खाली वाकला, काळजीने माझ्याकडे बघत. खरंच माझ्या उत्तराची वाट बघत होता.